डॉटनंतरच्या नावाची फी

माझी उमेदीची सारी वर्षं सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत गेली. त्यामुळे कोणतीही फी समोर आली की ती कशावरून ठरवली हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. इंटरनेटच्या पत्त्यात डॉटनंतर येणारी नवी नावं ‘आयकॅन’ ही संस्था मंजूर करते. २०१२ साली अशा एका नावाच्या अर्जाला तिने १,८५,००० डॉलर आकारले आणि सांगितलं, की नफा कमवायचा नाही, झालेला खर्च तेवढा भरून निघावा.

नावांवर पैसे घेण्याची सुरुवात याच्या बरीच आधीची. १९९५ पर्यंत डॉट कॉमची नोंदणी फुकट होती, खर्च अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून यायचा. त्या सप्टेंबरात नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीने दोन वर्षांच्या नोंदणीला १०० डॉलर लावले. त्यातले ३० डॉलर इंटरनेटच्या विकासासाठीच्या वेगळ्या निधीत जात. लोक न्यायालयात गेले आणि १९९८ साली न्यायाधीशांनी हे ३० डॉलर म्हणजे कर आहे, असं म्हटलं. अमेरिकी काँग्रेसने नंतर त्याला कायद्याचा आधार दिला खरा, पण फी ७० वर आली ती आलीच. भरलेल्या पैशाचा हिशेब मागितला की काय घडू शकतं, ते इथे दिसलं.

२००० साली आयकॅनने पहिल्यांदा नवी नावं देऊ केली. अर्जाचे ५०,००० डॉलर भरायचे, आणि नाव मिळालं नाही तरी ते परत नाहीत. ४७ अर्ज आले. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या मरीना डेल रे इथे अर्जदारांना म्हणणं मांडायला मोजून तीन मिनिटं मिळाली आणि सात नावं निवडली गेली. त्यांत सहकारी संस्थांसाठीचं ‘डॉट कूप’ होतं, याचा मला आजही आनंद आहे. बाकीच्यांचे पैसे मात्र गेले.

आता त्या १,८५,००० कडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. यातले सुमारे २७ हजार योजना उभी करण्यासाठी आधीच झालेल्या खर्चाचे, ६० हजार कोर्टकचेऱ्या आणि अनपेक्षित अडचणींसाठीचे, उरलेले अर्ज तपासण्याचे. आधी झालेला खर्च वाटून घेताना ५०० अर्ज येतील असं धरलं होतं. आले १,९३०. म्हणजे जो खर्च साधारण १.३५ कोटी डॉलरचा, त्यापोटी ५ कोटींहून जास्त जमा. असा ताळेबंद माझ्यापुढे आला असता, तर मी त्यावर शेरा मारल्याशिवाय सही केली नसती. अंदाज चुकणं गुन्हा नाही. पण जादा जमा झालेली रक्कम कोणाची, हे आधीच लिहून ठेवायला हवं होतं.

जोखमीच्या ६० हजारांचं तर मला मुळीच पटत नाही. गूगलने १०१ अर्ज केले, डोनट्स या कंपनीने ३०७. एकेका नावासाठी भांडणारे, वकील उभे करणारे असे मोठे अर्जदार. आणि जोखमीचा वाटा मात्र आफ्रिकेतल्या एखाद्या छोट्या संस्थेलाही तितकाच. संपूर्ण आफ्रिकेतून अर्ज आले फक्त १७.

गरजूंसाठी सवलत होती: १,८५,००० ऐवजी ४७,०००. पण सवलतीच्या निकषांत बसला नाहीत, तर त्या फेरीतूनच बाद! उरलेले पैसे भरून पुढे जायची सोय नाही. मग धाडस कोण करणार? तिघांनी केलं. पात्र ठरली एकटी हाँगकाँगची डॉटकिड्स फाउंडेशन, आणि ‘डॉट किड्स’ प्रत्यक्षात आलं २०२२ साली.

आपल्या देवनागरीतच दोन दर दिसतात. देशांच्या स्वतःच्या लिपीतल्या नावांसाठी आयकॅनने वेगळी वाट ठेवली होती. तिथे २६,००० डॉलर सुचवलेले होते, तेही सक्तीचे नाहीत. याच वाटेने आलेलं ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं आणि त्यात मराठीलाही जागा मिळाली. देवनागरीतलं ‘डॉट कॉम’ मात्र व्हेरिसाइन या कंपनीने मागितलं ते १,८५,००० च्या दारातून. व्हेरिसाइनला ते जड नव्हतं. एखाद्या भाषासंस्थेला झेपलं नसतं.

२०२६ च्या फेरीची फी २,२७,००० डॉलर आहे. पात्र गरजूंना ७५ ते ८५ टक्के सूट आहे, आणि सवलतीचे अर्ज नोव्हेंबर २०२४ पासूनच, म्हणजे मुख्य फेरीच्या दीड वर्ष आधी, घ्यायला सुरुवात झाली. ही सुधारणा मोठी आहे. मात्र सूट मिळाल्यावरही किमान ३४ हजार डॉलर उरतातच. आणि नाव मिळाल्यावर नोंदणीची यंत्रणा वर्षानुवर्षं चालवायचा खर्च वेगळाच.