ट्रकचा तळ आणि उद्यमनगरचा हात

जुना ट्रक पुन्हा उभा करायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, इंजिन चालू होतं का? कोल्हापुरात इंजिनाची तेवढी धास्ती नसते, जाणकार मिस्त्री सापडतो. काम अडतं ते केबिनच्या तळाशी. रबरी मॅट उचलली की खालचा रस्ता दिसतो! पावसाळ्यात मॅटखाली पाणी मुरतं आणि पत्रा खालून-वरून गंजत जातो. तयार तळ बाजारात मिळत नाही, तेव्हा तो घडवावा लागतो.

नाही मिळत तर बघून बनवू, ही या गावची जुनी सवय. बाबूराव पेंटरांनी विदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून इथेच कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पुढे शेतीची इंजिनं, ओतकाम, सुटे भाग यांवर उद्यमनगर वाढलं. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथे आजही आदरानं घेतली जातात.

आता ट्रककडे येऊ. १९५४ मध्ये टाटा आणि डायमलर-बेंझ यांचा करार झाला, तो १९६९ पर्यंत चालला. त्या काळातले अनेक ट्रक गिऱ्हाइकाच्या हाती यायचे ते नुसती चॅसी आणि पुढचा दर्शनी भाग एवढ्याच रूपात. बाकीची बॉडी गावोगावचे सुतार, लोहार आणि पत्रेवाले बांधायचे. कुणाला गुळाचे रवे न्यायचे, कुणाला ऊस; जसा माल, तशी बांधणी. म्हणजे अशा ट्रकचा ‘मूळ’ तळसुद्धा कुणा स्थानिक कारागिराच्याच हातचा. नवा तळ इथे घडवला म्हणून ट्रक नकली होत नाही. पण घडवताना त्या पहिल्या हाताचा मान राखला पाहिजे.

तो कसा राखायचा? कापण्याआधी दाराच्या चौकटीत अँगलचे आडवे टेकू लावायचे, नाहीतर तळ निघाल्यावर केबिन मुरडते आणि दारं बसत नाहीत. कर्णाची मापं लिहून ठेवायची. मग पुठ्ठ्याचा साचा काढायचा, पेडल आणि गिअरच्या दांड्याची भोकं त्यावर आखायची. जाडी अंदाजानं धरू नये. कडेला शाबूत राहिलेला पत्रा मोजावा आणि त्याच गेजचा घ्यावा. जुन्या तळावर उभार रेघा असतात, त्या शोभेच्या नव्हेत. त्यांनी पत्र्याला ताठपणा येतो, गाडी चालताना तो ढोलासारखा वाजत नाही. त्या तशाच उठवाव्यात. वेल्डिंग सलग ओढलं तर पत्रा उष्णतेनं वाकतो. म्हणून लांब लांब टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, मग मधली जागा भरायची. शेवटी दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड.

आणि एक विनंती. कापलेला तळ लगेच भंगारात घालू नका. त्यावर ठिगळावर ठिगळ असतं; कुठे रिव्हेट, कुठे गॅस वेल्डिंग, कुठे डब्याचा पत्रा. कोणत्या काळात काय मिळत होतं, कारागिरानं कशावर भागवलं, हे सगळं त्यात वाचता येतं. या लोकांनी वह्या लिहिल्या नाहीत. त्यांचं काम हाच त्यांचा दस्तऐवज. निदान फोटो काढा, मापं लिहा, एक तुकडा जपून ठेवा. नाहीतर ट्रक चकचकीत होईल आणि त्याचा इतिहास किलोच्या भावानं जाईल.

प्रश्न असतील तर घेऊ.