स्त्री म्हणून कोणी धावावे? लिंगचाचणीचा साठ वर्षांचा वाद

लिंग आणि लिंगभाव या विषयांवर गेली काही वर्षे जगभर कडाक्याचे वाद झडत आहेत. न्यायालये, विधिमंडळे, शाळा, रुग्णालये अशी सारी क्षेत्रे त्यांत ओढली गेली आहेत. आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतींच्या मेळाव्यांतही याविषयी प्रश्न विचारले जातात आणि पुष्कळदा उत्तर देणाऱ्याची तारांबळ उडते. हा सबंध विषय एका लेखात मावणारा नाही. म्हणून त्याचे एकच अंग आम्ही येथे घेतले आहे, ते म्हणजे महिलांच्या क्रीडास्पर्धा. येथील वाद फार जुना आहे, त्यातील निर्णय उघडपणे नोंदलेले आहेत आणि त्याची झळ भारताच्या दोन धावपटूंना बसलेली आहे.

दोह्याचे पदक

डिसेंबर २००६मध्ये कतारमधील दोहा येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील शांती सौंदरराजन हिने तेथे महिलांच्या ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक पटकावले. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबातील ही मुलगी. शर्यतीनंतर तिची लिंगचाचणी करण्यात आली आणि थोड्याच दिवसांत ती चाचणीत ‘नापास’ झाल्याचे वृत्त वाहिन्यांवरून देशभर पसरले. पदक परत घेतले गेले. जी गोष्ट डॉक्टरांनी तिला एकटीला शांतपणे समजावून सांगायला हवी होती, ती गावच्या पारावर चर्चेला आली. २००७ साली तिने स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ती वाचली. २०१२ साली ती पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करीत असल्याच्या बातम्या आल्या आणि पुढे तिला तमिळनाडूत प्रशिक्षकाची नोकरी मिळाली.

तिने फसवणूक केली होती काय? मुळीच नाही. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली आणि मुलगी म्हणूनच धावली. उत्तेजक द्रव्य घेऊन पकडल्या गेलेल्या खेळाडूला निदान आपण काय केले हे ठाऊक असते. शांतीच्या हातून तर काहीच घडले नव्हते.

देह कसा घडतो

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी एक जोडी लिंगनिश्चितीशी निगडित असते. सामान्यतः स्त्रीच्या पेशीत दोन एक्स, तर पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक वाय गुणसूत्र असते. वाय गुणसूत्रावरील ‘एसआरवाय’ नावाच्या जनुकाचा शोध १९९० साली लागला. गर्भधारणेनंतर सुमारे सहाव्या-सातव्या आठवड्यात हे जनुक कार्यरत झाले की गर्भाच्या जननग्रंथी वृषणाच्या दिशेने वळतात. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने पुरुषदेह आकार घेतो.

बहुतेकांच्या बाबतीत ही साखळी अखंड असते. क्वचित एखादी कडी निराळी निघते. काही मुलींच्या पेशींत वाय गुणसूत्र असते, टेस्टोस्टेरॉनही तयार होते, पण शरीराच्या पेशी त्याला प्रतिसादच देत नाहीत. अशी मुलगी बाह्यतः पूर्णपणे स्त्री असते. पाळी येत नाही म्हणून पुढे कधीतरी डॉक्टरांकडे गेल्यावरच ही बाब उघडकीस येते. आणखी काही जणींच्या शरीरात एका विकराची उणीव असल्याने जन्मवेळी बाह्य अवयव मुलीसारखे दिसतात, पण वयात येताना देह पुरुषी वळण घेतो. पहिल्या स्थितीत धावपटूला टेस्टोस्टेरॉनचा काहीच लाभ होत नाही, दुसऱ्या स्थितीत तो होऊ शकतो. सारा पेच येथेच आहे.

हा लाभ क्षुल्लक नसतो. ८०० मीटरचेच उदाहरण घेऊ. १९८३ साली यार्मिला क्रातोख्विलोव्हाने हे अंतर १ मिनिट ५३.२८ सेकंदांत पार केले. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशाला त्यासाठी १ मिनिट ४०.९१ सेकंद लागले. बारा सेकंदांचा हा फरक धावपट्टीवर मोजला तर पंचाऐंशी-नव्वद मीटर भरतो. वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांच्यात एवढे अंतर नसते, ते नंतर पडते. म्हणूनच महिलांचा गट वेगळा ठेवावा लागतो. तो नसता तर ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत एकही स्त्री दिसली नसती. ‘स्त्री कोण हे ज्याचे त्याने ठरवावे’ असे म्हणणाऱ्यांनी या वस्तुस्थितीला उत्तर दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

चाचण्यांचा इतिहास

१९६६ साली बुडापेस्ट येथील युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र होऊन आपले स्त्रीत्व सिद्ध करावे लागले. या प्रकारावर टीका झाल्यावर १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गालाच्या आतील पेशी घेऊन गुणसूत्रे तपासली जाऊ लागली. ही पद्धत सभ्य होती, पण तिला वर सांगितलेले बारकावे कळत नव्हते.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो हिच्या वाट्याला जे आले ते वाचून मन विषण्ण होते. १९८५ साली जपानमधील कोबे येथे विद्यापीठ स्पर्धेला जाताना ती आपले जुने प्रमाणपत्र घरी विसरली. पुन्हा चाचणी झाली आणि वाय गुणसूत्र आढळले. दुखापतीचे सोंग घेऊन गुपचूप बाजूला हो, असे तिला सुचवण्यात आले. पुढच्या वर्षी तिने राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याचे धैर्य दाखवले, तेव्हा ती बातमी वृत्तपत्रांत फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, वाङ्‌निश्चय झालेला तरुणही दूर झाला. तिचे शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देत नसल्याने तिला कोणताही लाभ मिळत नव्हता, हे मान्य होऊन १९८८ साली तिला परत घेतले गेले. तोवर उमेदीची वर्षे सरली होती. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांची चाचणी झाली. त्यांपैकी आठ जणींचा निकाल वेगळा आला, आणि त्या आठही जणींना खेळू देण्यात आले. अखेर १९९९ साली ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी थांबवली. त्यानंतर चाचणी व्हायची ती संशय आला तरच. संशय अर्थातच दिसण्यावरून येतो. शांती सौंदरराजन याच काळातली.

न्यायालयांचा मार्ग

२०१४ साली ओडिशातील विणकर कुटुंबातल्या द्युती चंदला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून ऐनवेळी वगळण्यात आले. कारण होते शरीरात नैसर्गिकरीत्या वाढलेले टेस्टोस्टेरॉन. औषधे घेऊन ते कमी करण्यास तिने नकार दिला आणि स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. या संप्रेरकामुळे अशा धावपटूंना नेमका किती लाभ होतो हे महासंघाने सिद्ध केलेले नाही, असे म्हणून जुलै २०१५मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. द्युती २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावली.

महासंघाने २०१८ साली ४०० मीटर ते एक मैल एवढ्या अंतरांपुरता नवा नियम केला. त्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेली कास्टर सेमेन्या लढली. मे २०१९मध्ये लवादाने बहुमताने दिलेला निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे: नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गटाच्या रक्षणासाठी तो आवश्यक व प्रमाणशीर आहे. पुढे १० जुलै २०२५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तिला न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती असे ठरवले. नियमाच्या योग्यायोग्यतेवर मात्र निर्णय दिला नाही.

या साऱ्या प्रकरणांत आणि पारलिंगी व्यक्तींच्या प्रश्नात मूलभूत भेद आहे. जन्मतः पुरुषदेह लाभलेली, वयात आल्यावर स्वतःस स्त्री मानणारी व्यक्ती महिला गटात खेळू शकते काय, हा निराळा प्रश्न होय. पुरुष म्हणून वयात आलेल्यांना ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’ने ३१ मार्च २०२३पासून महिला गट बंद केला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अल्जीरियाची मुष्टियोद्धा इमान खलीफ हिच्याविषयी जो गदारोळ झाला, त्यात लोकांनी हे दोन्ही प्रश्न एकात एक कालवले. ती जन्मापासून मुलगी म्हणून नोंदलेली व वाढलेली आहे. तरी ‘पुरुषाने स्त्रीचा वेष घेतला’ असे संदेश मोबाईलवरून गावोगाव फिरले. असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे नमूद करणे भाग आहे.

ख्रिस्तसभा काय म्हणते

देवाने मानवाला नर व नारी असे निर्माण केले ही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील शिकवण ख्रिस्तसभा सोडत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘प्रेमाचा आनंद’ या प्रेषितीय बोधपत्रात जैविक लिंग आणि समाजाने घडवलेला लिंगभाव यांत फरक करता येतो, पण त्यांची फारकत करता येत नाही, असे सांगितले. एप्रिल २०२४मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने मानवी प्रतिष्ठेवर घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला विरोध आहे. परंतु जन्मतः दिसणाऱ्या किंवा पुढे प्रकट होणाऱ्या जननेंद्रियांच्या वैगुण्यावर वैद्यकीय उपचार घेणे या विरोधात मोडत नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. हा अपवाद फार थोड्यांना ठाऊक असतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (१९:१२) प्रभू येशूनेही जन्मतःच निराळे असलेल्यांचा वेगळा उल्लेख केला आहे.

आपल्या महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे यांचे प्रकरण गाजले. वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेची परवानगी मागितली. त्यासाठी २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मे २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे या नावाने ते सेवेत रुजू झाले. वृत्तपत्रांनी याला ‘लिंगबदल’ म्हटले.

२०२५ची नवी चाचणी

१ सप्टेंबर २०२५पासून ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’ने जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांतील महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली. गालाच्या आतील पेशी किंवा रक्त घेऊन ती आयुष्यात एकदाच करायची आहे. टेस्टोस्टेरॉनला मुळीच प्रतिसाद न देणाऱ्या देहाच्या खेळाडूंना नियमात सूट आहे. पातिन्योला झालेल्या अन्यायाची एवढी तरी दखल घेतली गेली. या जनुकाच्या शोधात अग्रणी असलेले शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच मात्र या चाचणीवर आक्षेप घेतला आहे. जनुक आहे की नाही एवढेच ती सांगते. वृषण घडले का, संप्रेरक स्रवले का, शरीराने ते वापरले का, हे ती सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे.

सरसकट चाचणीत एक गुण आम्हांस दिसतो. ती सर्वांची होते. कोणा एकीच्या रुंद खांद्यांकडे वा जाड आवाजाकडे बोट दाखवून होत नाही. पण कोवळ्या वयाच्या मुलीला आपल्या देहाविषयीची एवढी मोठी गोष्ट क्रीडासंस्थेच्या पत्रातून कळावी, हे योग्य नव्हे. ज्या धर्मग्रामांतील मुली धावण्याचा गांभीर्याने सराव करतात, तेथील पालकांनी हे ध्यानी घ्यावे की हा नियम शालेय मैदानासाठी नाही आणि त्याच्या आधारे कोणाही शिक्षकास वा प्रशिक्षकास मुलीची तपासणी करविता येत नाही. वरच्या पातळीवर नमुना देण्याची वेळ आलीच, तर निकाल कोणाच्या हाती जाणार, तो गुप्त कसा राहणार आणि तो वेगळा आल्यास मुलीशी कोणता डॉक्टर बोलणार, हे आधी लेखी विचारून घ्यावे.