आवाज गेला, उत्तर ऐकू आले नाही

मंडळी, २ जुलै १९३७ च्या सकाळची ही हकीकत. अमेलिया इअरहार्टबाई आणि त्यांचे वाटाडे फ्रेड नूनन न्यू गिनीतील लाए येथून विमानाने पॅसिफिकमधल्या हाउलंड नावाच्या चिमुकल्या बेटाकडे येत होते. बेटापाशी अमेरिकेचे ‘इटास्का’ जहाज उभे होते. जहाजावर बाईंचा आवाज खणखणीत ऐकू येई. जहाजाचे बोलणे मात्र बाईंना ऐकू येईना.

अखेर ७५०० किलोसायकलवर जहाजाचे संकेत त्यांना ऐकू आले. म्हणजे त्यांचे ऐकण्याचे यंत्र अगदीच बंद नव्हते. पण त्या संकेतांवरून दिशा काही सापडेना. लाएच्या चाचणीतही तसेच घडले होते. तेव्हा ‘केंद्र फार जवळ आहे, म्हणून असे होत असेल’ अशी समजूत करून घेतली गेली. पुढे विमान बेटावर पोचलेच नाही.

यातून काय घ्यायचे? बोलण्याची वाट निराळी, ऐकण्याची निराळी. एक चालू आहे म्हणून दुसरीही चालू असेल असे धरून चालू नये. दोन्ही जमिनीवरच तपासाव्यात. आणि चाचणीत खोट दिसली, तर कारण नुसते मानू नये, शोधावे. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे.