बदली

मराठीत ‘बदली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि माझ्या वाट्याला ते दोन्ही एकदमच आले. १९७३च्या जानेवारीत माझी पुण्याहून जळगावला बदली झाली, ती आजारपणाच्या रजेवर गेलेल्या एका गृहस्थांच्या बदली. हुकुमात ‘तीन महिन्यांकरिता’ असे स्वच्छ टाईप केलेले होते. आईने तीन महिन्यांच्या हिशेबाने मेतकूट दिले, गोडा मसाला दिला आणि ‘तिकडचं तिखट तुला सोसायचं नाही रे’ म्हणून डोळ्याला पदर लावला. मेतकूट तीन आठवड्यांत संपले. मी जळगावात एकतीस वर्षे राहिलो.

ज्यांच्या जागी मी गेलो त्या गृहस्थांना मी कधी पाहिले नाही. त्यांची खुर्ची मला मिळाली. तिच्यावरची उशी त्यांच्या बैठकीच्या आकाराची होती, आणि मी किडकिडीत असल्यामुळे तिच्यात खड्ड्यात पडल्यासारखा दिसे. टेबलाच्या खणात त्यांचे चष्म्याचे घर आणि अर्धी भरलेली सुपारीची डबी होती. आणि वारसाहक्काने त्यांची खानावळही माझ्याकडे आली. बळीराम पेठेत एका माडीवर एक मावशी ती चालवीत. पाटांच्या दोन रांगा, भिंतीवर कालनिर्णयाच्या आधीच्या जमान्यातली देवादिकांची कॅलेंडरे, आणि खिडकीखाली एक पाट, ज्याला वारा लागे. पहिल्याच दिवशी मी त्या पाटावर बसायला गेलो, तर वाढणारा पोऱ्या म्हणाला, “ती जागा साहेबांची आहे, भो.”

“पण साहेब तर मुंबईला, दवाखान्यात आहेत ना?”

“येतील ना.”

मी दाराजवळ बसलो. दारातून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला बरोबर माझ्या वाटीच्या पातळीवर असत.

त्या वर्षी जेवणाबद्दल तक्रार करणे शोभण्यासारखे नव्हते. १९७२चा पाऊस बुडाला होता. खानदेशाला नगर-सोलापूरइतकी झळ लागली नसली, तरी रस्त्याने कुठेही निघा, उन्हात खडी फोडणाऱ्या माणसांची रांग दिसे. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला ‘उन्हात’ या शब्दाची फोड करून सांगायला नको. ज्याने अनुभवला नाही त्याने तव्यावर हात ठेवून बघावा. ही कामेही तशी तात्पुरती, शेतातल्या कामाच्या बदली. पण माझ्यासारखीच ती चिकटली. त्यांची रोजगार हमी योजना झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ साली दिल्लीने त्याच वळणावर देशासाठी कायदा केला. सरकारी तात्पुरतेपणाला भारी आयुष्य असते.

दुष्काळी कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी विटेच्या रंगाची होई आणि थापताना कडेने फाटे. मावशी ती थापताना तोंडाने अमेरिकेचा उद्धार करीत असत. “जनावराचं खाणं पाठवलं मेल्यांनी!” यात अतिशयोक्ती नव्हती, तिकडे ती खरोखरच गुराढोरांना घालत. पण मजा अशी, की मिलो ही आपल्या ज्वारीची सख्खी चुलतबहीण. ज्वारी मुळातली आफ्रिकेची. तिची एक शाखा काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन घरची सून झाली, आणि दुसरी फार उशिरा अमेरिकेला गेली. ती १९७२ साली माहेरच्या नात्याने दारात उभी राहिली, तर कुणी ओळखसुद्धा दाखवली नाही.

आणि अमेरिकेला शिव्या देत मावशी भाकरीबरोबर जो ठेचा वाढीत, त्यातली मिरची कुठली? तीही अमेरिकेचीच. पोर्तुगीज आले १४९८ साली. मिरची त्यांच्यामागून आली. त्याआधी आपले पूर्वज तिखटासाठी मिरी आणि पिंपळी वापरीत. म्हणजे मिरची ही मिरीची बदली कामगार. ठेच्यातला शेंगदाणा, फोडणीचे शेंगदाणा तेल, तेही त्याच खंडातून आलेले. खानदेशी जेवणातून अमेरिका काढली तर उरेल कळण्याची भाकरी आणि कांदा. मी हे एकदा मावशींना ऐकवले. त्या म्हणाल्या, “पुण्याला एवढंच शिकवतात का?” आणि त्यांनी मला त्या दिवशी ठेचा जरा जास्तच वाढला.

शेवेच्या भाजीशी माझी गाठ पडली ती मार्चमध्ये. बाजारात वांगी नव्हती. जळगावची भरताची वांगी म्हणजे काय चीज! हिरवट पांढरी, हाताच्या पंजापेक्षा मोठी, बिया कमी. पऱ्हाट्यांच्या म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. त्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला घरातला मुलगा पास झाल्यासारखे वाटले. पण ते थंडीतले वैभव. उन्हाळा लागला की भाजीबाजार करपतो, आणि त्या साली करपायलाही काही शिल्लक नव्हते. मी रात्री उशिरा पोचलो. पोऱ्या पातेल्यात डोकावून म्हणाला, “भाजी सरी गई, भो. शेव टाकी देऊ?”

मला वाटले, चिवड्यातली शेव वाटीत घालून हा मला वाटेला लावणार. आला तो काळाकुट्ट रस्सा. भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला. वर बोटभर लाल तर्री, आणि त्यात बोटासारखी जाड, लसणाची, तिखट शेव. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. दुसऱ्याला डोळे भरून आले. तिसरा मी कधी घेतला ते मला कळले नाही.

आता ही भाजी खानदेशात का, याचा विचार मी एकतीस वर्षे खात खात केला आहे. मुलखाला हरभरा आणि तूर मुबलक, हिरवी भाजी मात्र आठ महिन्यांची पाहुणी. तेव्हा गृहिणीने बेसनाला सगळ्या भूमिका करायला लावल्या. वडी थापून रश्श्यात सोडली की पाटोडी, पिठाचे गोळे सोडले की डुबुकवडे, आणि तळून ठेवलेली शेव ऐनवेळी सोडली की शेवेची भाजी. नाटक कंपनीत एकच नट शिपाई, प्रधान आणि गरज पडल्यास राणीसुद्धा होतो ना, तसे. फक्त एक पथ्य आहे. शेव पान वाढल्यावरच टाकायची. आधी टाकली की तिची लापशी होते.

आमच्या घरमालकांना मात्र हे सगळे बदलीचे प्रकरण नामंजूर होते. मूळचे ते अमळनेरचे. अमळनेर म्हणजे साने गुरुजींची शाळा, प्रतापशेठांची गिरणी आणि तत्त्वज्ञान मंदिर. त्याच गावात १९४५च्या अखेरीस महंमद हाशम प्रेमजींनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी काढली. शेंगदाण्याच्या मुलखात तेलाची गिरणी, आणि तेलापासून वनस्पती तूप. तेलात निकेलच्या साक्षीने हायड्रोजन सोडला की ते तुपासारखे थिजते. देशभर या बदली तुपावर केवढा गदारोळ झाला! संसदेत त्याच्यावर बंदी घालण्याचे विधेयक आले. सरकारने बंदी नाही घातली, पण त्यात शेकडा पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा नियम केला. कारण तिळाचे तेल चुगलखोर असते. साजूक म्हणून विकलेल्या तुपात वनस्पती मिसळले असेल, तर त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घालून हलवले की ते लाजून लालबुंद होते.

घरमालकांच्या वडिलांना त्या कंपनीचा शंभर रुपयांचा शेअर घ्या म्हणून कोणी आग्रह केला होता. वडील म्हणाले, “जे तुपाच्या जागी बसायला निघालंय, त्याला मी पैसे देऊ?” आणि त्यांनी त्या शंभरात साजूक तुपाचा डबा घेतला. पुढे १९६६ साली प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतले शिक्षण अर्धवट टाकून बापाच्या जागी येऊन बसला. १९७८मध्ये आयबीएमने देशातून गाशा गुंडाळला, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेकडे या तूपवाल्यांचेही लक्ष गेले आणि ते संगणकात शिरले. कंपनीचे नाव तोवर विप्रो झाले होते. ज्या अमळनेरकरांनी ते शेअर जपून ठेवले त्यांचे काय झाले हे पेपरात अनेकदा छापून आले आहे. छापून आले की घरमालक पेपर घडी करून ठेवीत आणि म्हणत, “पण तूप चांगलं होतं हो ते.”

महिन्यातून एकदा कामासाठी धुळ्याला जावे लागे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे दोन तुकडे केले, तेव्हापासून पूर्वेचा कारभार जळगावला आणि पश्चिमेचा धुळ्याला. पण दोन्हीकडच्या माणसांना आपली शेवभाजी खरी आणि पलीकडची नकली वाटते. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रक आणि ढाबे यांना तोटा नाही. येताना एस.टी. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यापाशी हमखास थांबे. खाट, खाटेवर आडवी फळी, कांदा बुक्कीने फोडलेला. धुळेकर सहकारी पहिला घास घेऊन माझ्या तोंडाकडे बघत. मी “जळगावपेक्षा चांगली” म्हटले की बिल ते देत. जळगावला आलो की मावशींना उलटे सांगत असे.

एप्रिलमध्ये माझे तीन महिने संपले. हुकूम आला, आणखी तीन महिने. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले, आणि त्याच दिवशी दुपारी मुंबईहून तार आली. कचेरी लवकर सुटली. मी खणातले चष्म्याचे घर आणि सुपारीची डबी एका पाकिटात घातली आणि त्यांच्या घरच्या पत्त्यावर काय लिहावे ते न सुचल्यामुळे नुसता पत्ताच लिहिला.

रात्री खानावळीत गेलो. मावशींना कळले होते. भाजी होती त्या दिवशी, गवार होती, पण कोणी फारसे जेवत नव्हते. मी सवयीने दाराजवळ बसायला गेलो. मावशी बाहेर आल्या, खिडकीखालचा पाट त्यांनी पदराने पुसला आणि त्याच्यासमोर ताट मांडले.

“इथं बसा भाऊ,” त्या म्हणाल्या.

मी तसाच उभा राहिलो. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि खिडकीतून पाटावर शिंतोडे येत होते. पोऱ्याने ताटात वाटी आणून ठेवली.

“बसा ना,” मावशी म्हणाल्या. “शेव आत्ताच टाकलीय. मऊ पडेल.”