वसईचा दुभाषी

वाईजवळ मेणवलीत कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, त्यांतलीच ही एक. सातारा-सांगलीकडे वसईची आठवण निघते ती या विजयामुळे. पण या घंटेच्याही शंभर वर्षे आधी वसईचा एक माणूस दूर जपानात शहीद झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

गोन्सालो गार्सिया त्यांचे नाव. जन्म १५५६ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. कोवळ्या वयात ते जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेले, जपानी बोलू लागले. त्या संघात शिरण्याची त्यांची फार इच्छा होती. प्रवेश मिळाला नाही. पुढे व्यापारात जम बसला. तो सोडून मनिलात ते फ्रान्सिस्कन झाले, तेही धर्मगुरू नव्हे, साधे ब्रदर.

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता वकील म्हणून हिदेयोशीच्या दरबारी गेले, तेव्हा गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. शब्द दुसऱ्याचा, मान दुसऱ्याचा, धोका मात्र दोघांचा! उर्दू, मराठी, हिंदीत रोज ये-जा करणाऱ्या आम्हा शिक्षकांना या कामातली इन्किसारी वेगळी सांगावी लागत नाही.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि संशय पेटला: पाद्र्यांमागून फौज येणार. हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. खुद्द वसई पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून घेतली होती. पण शिक्षा झाली ती निःशस्त्र माणसांना. क्योटोत डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना भर थंडीत नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत वीस जपानी होते, सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा. गोन्सालो चाळिशीचे.

दमास्कसच्या उमय्यद मशिदीत हजरत याह्या (अलै.) यांचा मकबरा आहे. ख्रिस्ती त्यांना योहान म्हणतात आणि तिथे आदराने येतात. जुलमी राजासमोर सत्य बोलल्याबद्दल त्यांचे शीर कापले गेले. गोन्सालो पैगंबर नव्हते. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत जाहीर केले, भारतात जन्मलेले पहिले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.