कुंचल्याचं न्हाणं

चित्र त्या दिवसापुरतं बाजूला ठेवलं, तरी चित्रकाराचं एक काम उरतं. कुंचला फडक्यात टिपायचा, तैलरंगाचा असेल तर टर्पेंटाइनमध्ये खळबळायचा, मग तळहातावर साबण घेऊन त्यावर हळूहळू फिरवायचा. फेस आधी गडद निळा, मग फिकट, शेवटी पांढराशुभ्र. चित्र जमलेलं असो वा फसलेलं, या पाच मिनिटांत मन निवतं.

हे जपणं केसांचं आहे, आणि केस तर नावातच आहेत. संस्कृतात ‘कूर्च’ म्हणजे झुबका. दाढीलाही हाच शब्द. त्यातूनच मराठीत कुंचा आणि कुंचला आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 12 व्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. वासराच्या कानाचे केस दांडीच्या टोकाला लाखेने बसवावेत, असं त्यात सांगितलं आहे. ‘शिल्परत्न’ ग्रंथात तर कामागणिक केस वेगळे: जाड कुंचल्याला वासराच्या कानाचे, मध्यमाला शेळीच्या पोटाचे आणि बारीक रेषेला खारीच्या शेपटीचे.

इटलीत 1400 च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने शिकाऊंसाठी हस्तपुस्तिका लिहिली. खारीचे केस पिसाच्या पोकळ नळीत बसवायचे. नळी गिधाडाची, हंसाची, कोंबडीची की कबुतराची, हे कुंचल्याच्या जाडीवर ठरे. डुकराचे राठ केस मात्र लगेच चित्राला लावायचे नाहीत. त्यांचा मोठा कुंचा बांधून आधी भिंतींना चुना मारायचा. केस मऊ पडले की तो सोडून लहान कुंचले बांधायचे.

खारीच्या शेपट्यांना कसर लागू नये, याचाही उपाय त्याने दिला आहे: ओली माती किंवा खडू लिंपून त्या टांगून ठेवा, हव्या तेव्हा स्वच्छ पाण्यात भिजवून घ्या.

19 व्या शतकात पिसाच्या आणि दोऱ्याच्या जागी धातूची कडी, म्हणजे फेरूल, आली. कडी दाबून चपटी करता येते, म्हणून चपटा कुंचला सोपा झाला. रुंद, ठसठशीत फटकाऱ्यांनी रंगवणाऱ्या फ्रान्सच्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांना तो फार उपयोगी पडला.

कडीबरोबर निगा राखण्याची रीतही बदलली. कडीच्या तोंडाशी, केसांच्या मुळात रंग सुकला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. म्हणून साबण मुळापर्यंत पोचवायचा. पाणी कोमटच हवं. कढत पाण्याने आतला डिंक सैल होऊन केस गळतात. डब्यात केसांवर उभा ठेवलेला कुंचला वाकतो, तो तसाच राहतो.

शेवटी निथळलेले केस दोन बोटांच्या चिमटीत धरून टोक काढायचं आणि कुंचला आडवा ठेवायचा. सकाळी तो कोरडा असतो, टोक सुईसारखं, दांडीवर मात्र कालच्या निळ्याचा एक पुसट डाग.