लाल रंगाची पाळी

मीनाकामात लाल रंगाची पाळी शेवटी येते. रंग म्हणजे खरं तर काच, धातूंच्या भस्मांनी रंगवलेली. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. ती खलात घोटायची, धुवायची आणि ओली पूड सोन्यात कोरलेल्या खळग्यांत भरून दागिना भट्टीत द्यायचा. सगळ्यांत जास्त आच सोसणारा पांढरा आधी, मग निळा, हिरवा. लाल नाजूक, म्हणून तो अखेरीस.

हे मला आजीने सांगितलं. आजोबांच्या नोकरीपायी तिचा संसार जयपुरात झाला, जोहरी बाजाराजवळच्या ‘जडियों का रास्ता’ नावाच्या गल्लीत. शेजारच्या मीनाकार सरदारजींच्या घरी तिचं जाणंयेणं होतं. आमेरच्या राजा मानसिंहाने लाहोरहून कारागीर आणले, त्यांतले आमचे पूर्वज, असं ते घर अभिमानाने सांगे. पुढे १७२७ मध्ये सवाई जयसिंहाने नवं शहर वसवलं आणि सगळी कारागिरी आमेरचा डोंगर उतरून खाली आली.

समोर कुंदनात बसवलेले हिरे आणि पाठीला मीना, ही तिथली रीत. शुद्ध सोनं मऊ. अंगाला घासून झिजू नये म्हणून पाठीला काचेचं कवच. पण नुसत्या कवचासाठी कुणी पोपटाच्या पंखाची एकेक रेघ कोरत नाही. आजीच्या मते ती पाठ दागिना घालणारीसाठीच असे, आणि मलाही ते पटतं.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं होतं, सोन्याची तस्करी थोपवायची होती. पण इतक्या हिणकस सोन्यातलं तांबं भट्टीत काळवंडतं आणि पारदर्शक लाल रंगाखालची झळाळी मरते. हेतू काहीही असो, घाव या कलेच्या मुळावर बसला. “चांदीवर निळं-हिरवं करत राहिले गं,” आजी म्हणायची, “पण सरदारजींच्या घरात लाल घोटल्याचा आवाज बंद झाला. पोरं दुसऱ्या कामाला लागली.”

कॅरेटची अट काही वर्षांनी गेली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. तो लागू असतानाच, १९८८ मध्ये, जयपूरचे मीनाकार सरदार कुदरत सिंग यांना पद्मश्री मिळाली.